एंड कॅपचं पेटंट: प्रकल्प नोंदी

11 जानेवारी 2021

चाचण्यांच्या नोंदी जुन्या वहीत चालू राहतील. ही वही फक्त पेटंटच्या कामाची.

वस्तू काय आहे ते एकदा लिहून ठेवतो, कारण पुढे प्रत्येक जण तेच विचारणार. ठिबकच्या लॅटरलच्या, म्हणजे ड्रिपर बसवलेल्या नळीच्या, टोकाला बसणारी ऑटोफ्लश कॅप. पंप सुरू होताना दाब कमी असतो, टोक उघडं असतं, नळीत साचलेला गाळ पाण्याबरोबर बाहेर पडतो. दाब वाढला की प्लंजर (आतला सरकता दट्ट्या) सीटवर (तोंडाभोवतीच्या बैठकीवर) टेकतो आणि टोक बंद होतं. इथवर नवीन काही नाही, अशा कॅप बाजारात कधीच्याच आहेत. त्यांची तक्रारही तेवढीच जुनी: सीटवर वाळूचा एखादा कण अडकला की कॅप पूर्ण मिटत नाही, टोक गळत राहतं आणि शेवटच्या ड्रिपरपर्यंत दाब पोचत नाही. आमच्या कॅपमध्ये रबरी डायफ्रॅमच्या, म्हणजे लवचीक पडद्याच्या, कडेला तिरप्या पात्या आहेत, डायफ्रॅमबरोबर एकाच साच्यातून निघालेल्या. वाहतं पाणी पात्यांवर आदळून प्लंजर फिरवतं, तो फिरत फिरतच सीटवर टेकतो आणि कण पुसला जातो.

मार्केटिंगला पुढच्या महिन्यातल्या प्रदर्शनात हीच कॅप पारदर्शक नळीत चालवून दाखवायची आहे. पेटंट एजंट मॅडमचं उत्तर एका वाक्यात आलं: "अर्ज आधी, प्रदर्शन नंतर."

कारण साधं आहे. अर्जाच्या तारखेपूर्वी जे जगात कुठेही उघड झालं ते सगळं आपल्याविरुद्ध मोजलं जातं, आपण स्वतः उघड केलेलंसुद्धा. सवलती आहेत, पण देशागणिक वेगळ्या. अमेरिकेत स्वतःच उघड केलेल्या शोधाला एक वर्षाची मुभा आहे, जपानमध्येही 2018 पासून एक वर्ष. युरोपात जवळजवळ नाहीच. कुणी विश्वासघाताने माहिती फोडली किंवा ठरावीक अधिकृत आंतरराष्ट्रीय प्रदर्शनात ती दिसली तरच, आणि तीही सहा महिन्यांपुरती. भारतात सरकारने अधिसूचित केलेलं प्रदर्शन, विद्वत्सभेत वाचलेला निबंध अशा मोजक्या प्रसंगांना सूट मिळते. सगळीकडे चालेल अशी वाट एकच, गप्प राहणं. राइट बंधूंचं विमानाचं पेटंट जर्मनीत 1912 मध्ये कोर्टात टिकलं नाही, ते विल्बर राइटच्याच 1901 च्या भाषणामुळे आणि त्यांचे स्नेही ऑक्टेव्ह शनूट यांच्या 1903 च्या व्याख्यानामुळे. पंख पिळून विमान कसं सावरायचं, हे त्यात आधीच सांगून झालं होतं.

प्रदर्शनाला जुनी कॅप जाईल. मार्केटिंग नाराज आहे. साचा करणाऱ्यांकडून गोपनीयतेच्या करारावर सही घेतली.

28 जानेवारी 2021

आधीचं काय काय आहे ते शोधण्याचं काम सुरू. पेटंट शोधायच्या साइट: एस्पेसनेट, पेटंटस्कोप, गूगल पेटंट्स, तिन्ही फुकट आणि तिन्ही उपयोगी.

शब्द टाकून शोधलं तर हाती काही लागत नाही. पेटंटमध्ये कुणी "ठिबकची टोपी" असं लिहीत नाही. "द्रवाचा विसर्ग नियंत्रित करणारी योजना" असं काहीतरी लिहितात, म्हणजे दाव्याची, मागितलेल्या हक्काची, व्याप्ती मोठी राहते. त्यापेक्षा वर्गीकरणाच्या संकेतांनी शोधणं बरं. व्हॉल्व्हसाठी एफ16के, बागा आणि पिकांना पाणी देण्यासाठी ए01जी 25. दोन्ही संकेत लागलेली कागदपत्रं काढली, त्यातली जवळची घेतली, आणि प्रत्येकात कोणाचा संदर्भ दिलाय आणि पुढे त्याचा संदर्भ कोणी दिलाय, ती साखळी दोन्ही बाजूंनी धरून गेलो. खरा माल साखळीत सापडतो.

सहकाऱ्याचा प्रश्न होता की मुदत संपलेलं पेटंट कशाला वाचायचं. वाचायचं, कारण मुदत हक्काची संपते, माहिती तशीच शिल्लक असते. नावीन्य तपासताना पन्नास वर्षांपूर्वीचा कागदही कालच्या कागदाइतकाच चालतो, आणि तो पेटंटच असायला पाहिजे असंही नाही. हळदीने जखम बरी करण्याचं 1995 चं अमेरिकन पेटंट 1997 मध्ये रद्द झालं, कारण सीएसआयआर या भारतातल्या सरकारी संशोधन संस्थेने जुने ग्रंथ आणि निबंध पुढे ठेवले.

आतापर्यंत सापडलेलं: दाबाने मिटणाऱ्या कॅप भरपूर, डायफ्रॅमवाल्याही आहेत. फिरणारा प्लंजर ठिबकमध्ये दिसला नाही. फक्त ठिबकमध्येच बघून भागेल का, ही शंका मॅडमनी काढली आहे.

9 फेब्रुवारी 2021

शोधक कोण, यावर बैठक. बैठकीची गरज पडेल असं वाटलं नव्हतं.

नियम असा की कल्पना ज्याच्या डोक्यातून आली तो शोधक. पैसे देणारा नाही, विभागप्रमुख नाही, सांगितल्याप्रमाणे साचा कापणाराही नाही. अर्जदार वेगळा असू शकतो. कंपनी अर्जदार होते आणि शोधक तिच्या नावे हक्क लिहून देतात. पात्या तिरप्या ठेवायची कल्पना एकाची, त्या डायफ्रॅमसोबतच ओतायची दुसऱ्याची. नावं दोनच. साहेबांनी स्वतःचं नाव स्वतःच काढायला सांगितलं, त्यामुळे वातावरण निवळलं. शोधकांची नावं चुकीची दिली तर काही देशांत पुढे पेटंटच अडचणीत येतं. एवढं सांगितल्यावर कुणी वाद घातला नाही.

12 मार्च 2021

प्रोव्हिजनल अर्जाचा मसुदा. हा अर्ज तपासला जात नाही, त्यातून थेट पेटंटही मिळत नाही. मिळते ती तारीख. बारा महिन्यांत पूर्ण अर्ज टाकला नाही तर तीही गेली. भारतात ही सोय आहे, अमेरिकेत 1995 पासून आहे. सगळ्या देशांत नाही.

मी दोन पानांत आटपणार होतो. मॅडमनी परत पाठवलं. "चाचणीत जे जे दिसलं ते लिहा. तुम्हाला बिनमहत्त्वाचं वाटतंय तेही." त्यांचं म्हणणं असं की अर्जात न लिहिलेली गोष्ट नंतर घुसवता येत नाही. पुढे तपासणीत दावे आवळावे लागतात, ते आवळायचे तेही याच मजकुरातून. शिंप्याकडे दिलेलं कापड कापता येतं, वाढवता येत नाही, तसंच हे.

मग पात्यांचा कोन "30 अंश" न लिहिता "20 ते 40 अंश, शक्यतो 30" असा लिहिला. पात्यांची संख्या, रबराचा कडकपणा, स्प्रिंग असलेला आणि नसलेला प्रकार, सगळं आलं. डिझाइन बघणाऱ्या सहकाऱ्याने स्लो मोशन व्हिडिओत पाहिलेली एक गोष्ट लिहायचा आग्रह धरला: कॅप मिटली की पाण्याच्या दाबाने पात्या आवरणाच्या भिंतीला चापट बसतात, त्यामुळे त्यांच्यामागे गाळ धरायला खबदाड उरत नाही. मला ते ओघाने होणारं वाटत होतं. तरी एक परिच्छेद आणि एक आकृती घातली.

आकृत्या काळ्या रेघांच्या, रंग नाही, छटा नाही, प्रत्येक भागाला क्रमांक. प्लंजर 14 म्हटला तर शेवटच्या पानापर्यंत तो 14 च.

16 मार्च 2021

अर्ज दाखल. पावती आली. आजची तारीख म्हणजे आमची अग्रक्रम तारीख, प्रायॉरिटी डेट. यापुढचं सगळं गणित इथून.

1883 च्या पॅरिस करारामुळे ही तारीख इतर सदस्य देशांतही चालते, बारा महिन्यांच्या आत तिथे अर्ज केला तर. आणि तारखेलाच महत्त्व, कारण आता सगळीकडे आधी अर्ज करणारा पुढे. आधी शोध लावणारा पुढे, या तत्त्वावर अमेरिका बरीच वर्षं अडून होती. तिनेही 16 मार्च 2013 पासून ते सोडलं. म्हणजे आजच्याच तारखेला आठ वर्षांपूर्वी. योगायोग, बाकी काही नाही.

5 एप्रिल 2021

मार्केटिंगला मोकळीक दिली. डब्यावर "पेटंट पेंडिंग" छापलं जाईल. त्याने आज कुणाला अडवता येत नाही, हे विक्रीच्या लोकांना स्पष्ट सांगितलं. एक जण डीलरला नोटिशीची भाषा ऐकवत होता. अडवण्याचा हक्क पेटंट मिळाल्यावर. अर्ज प्रसिद्ध झाल्यापासून मंजुरीपर्यंत कुणी नक्कल केली असेल, तर बऱ्याच देशांत नंतर मागे जाऊन भरपाई मागता येते. पण तीही मंजुरीनंतरच.

24 नोव्हेंबर 2021

सीटवर पितळी कडी बसवून पाहिली. पुसण्याचं काम आणखी चांगलं होतंय. हे अर्जात घ्यायचं.

घेता येईल, पण मार्चची तारीख त्याला लागणार नाही. प्रोव्हिजनलमध्ये कडीचा उल्लेख नाही, म्हणून कडीला पूर्ण अर्जाची तारीख. एकाच अर्जातल्या वेगवेगळ्या दाव्यांच्या तारखा वेगळ्या असू शकतात, हे मला आज कळलं. कडीपुरता नवा प्रोव्हिजनल लगेच टाकावा का, यावर चर्चा झाली. खर्चाकडे बघून थांबायचं ठरलं.

21 फेब्रुवारी 2022

आठवडाभर दावे लिहिण्याचं काम. या वहीतलं सगळ्यात महत्त्वाचं पान बहुधा हेच.

वर्णन कितीही लांब असो, हक्क मिळतो तो दाव्यांचा. वर्णन शोध समजावून सांगतं, दावा त्याची हद्द आखतो. दाव्यातला प्रत्येक घटक समोरच्याच्या वस्तूत सापडला तरच उल्लंघन. म्हणून दाव्यात शब्द वाढला की हद्द आकसते. इंजिनिअरला हे उलटं वाटतं. आपण जास्त सांगितलं की जास्त मिळेल असं वाटत राहतं.

माझा पहिला मसुदा असा होता:

"ठिबक नळीच्या टोकाला बसणारी कॅप, जिच्यात प्लास्टिकचं आवरण, स्टीलची स्प्रिंग, सीटवर टेकणारा प्लंजर आणि प्लंजर फिरवणाऱ्या चार रबरी पात्या आहेत."

मॅडमनी लाल पेन घेतला. प्लास्टिक कशाला, धातूचं आवरण केलं तर नक्कल करणारा सुटला. स्प्रिंग कशाला, बिनस्प्रिंगची कॅप आपणच चाचणीत चालवली आहे. चार पात्या लिहिल्या तर तीनवाला हसत बाहेर. "ठिबक नळी" का, तुषारच्या पाइपला लावली तर? उरलं ते असं:

"पाण्याच्या नळीच्या टोकासाठी कॅप, जिच्यात (अ) बाहेर पडण्याचं तोंड व त्याभोवती सीट असलेलं आवरण, (ब) दाब वाढल्यावर त्या सीटवर टेकणारा प्लंजर, आणि (क) वाहत्या पाण्याने तो प्लंजर स्वतःभोवती फिरवणारी किमान एक पाती, यांचा समावेश आहे."

"यांचा समावेश आहे" हे शब्द मुद्दाम. याखेरीज आणखी काही असलं तरी चालतं. "यांचीच बनलेली" असं लिहिलं असतं तर एक जादा वॉशर घालणारासुद्धा निसटला असता. "तो प्लंजर", "त्या सीटवर" हेही सहज आलेलं नाही. एकदा आलेल्या भागाकडे पुन्हा बोट दाखवताना कुठल्याकडे, याबद्दल शंका राहू नये.

मी "पाती" ऐवजी "फिरवणारं साधन" सुचवलं होतं, म्हणजे आणखी मोठी हद्द. त्यावर मॅडम म्हणाल्या, नुसतं कामाचं नाव सांगणारा घटक अमेरिकेत वर्णनात दाखवलेल्या रचनेपुरता आणि तिच्याशी समतुल्य रचनांपुरताच वाचला जातो. मोठा दिसणारा शब्द प्रत्यक्षात लहान निघतो.

पहिल्या दाव्याखाली अवलंबून असलेले दावे. दावा 2: पाती डायफ्रॅमशी एकसंध. दावा 3: मिटल्यावर पाती भिंतीला चापट बसते. दावा 4: कोन 20 ते 40 अंश. आणि पुढे दावा 7: पितळी कडी. वरचा पडला तर खालच्यावर उभं राहायचं, अशी ही उतरंड.

राइट बंधूंनी पहिला अर्ज स्वतःच लिहिला होता, मार्च 1903 मध्ये, इंजिनाच्या उड्डाणाच्या आधी. तो कार्यालयाने फेटाळला. मग 1904 मध्ये त्यांनी हॅरी टूलमिन हा वकील घेतला, आणि 1906 मध्ये जे पेटंट मिळालं त्यात जोर इंजिनावर नाही, विमान सावरण्याच्या पद्धतीवर आहे. टूलमिनला त्यातलं मोलाचं काय ते कळलं होतं. आमचा लाल पेन बघताना हे आठवत होतं.

14 मार्च 2022

पीसीटी अर्ज दाखल, बारा महिने संपायच्या दोन दिवस आधी.

घरी आणि ऑफिसात दोन्हीकडे "जागतिक पेटंट टाकलं का?" असं विचारून झालं. जागतिक पेटंट नावाची वस्तू नाही. पेटंट कोऑपरेशन ट्रीटी, म्हणजे पीसीटी, 1970 मध्ये झाली, 1978 पासून चालू आहे, दीडशेहून जास्त देश तिच्यात आहेत. ती पेटंट देत नाही. एकच अर्ज सगळ्या सदस्य देशांत दाखल झाल्यासारखा धरला जातो, आधीचं काय काय सापडलं त्याचा एक शोध अहवाल मिळतो, आणि कुठल्या देशांत खरोखर जायचं हे ठरवायला अग्रक्रम तारखेपासून साधारण 30 महिने मिळतात. भारतात आणि युरोपीय कार्यालयात 31. थोडक्यात, खर्च पुढे ढकलून मिळतो. आमच्यासारख्यांना तेच हवं असतं.

19 जुलै 2022

शोध अहवाल आला. सोबत परीक्षकाचं लेखी मत.

अहवालात सापडलेल्या प्रत्येक कागदापुढे एक अक्षर असतं. एक्स म्हणजे हा एकटाच दावा पाडायला पुरेसा. वाय म्हणजे दुसऱ्या कागदाशी जोडला तर घातक. ए म्हणजे पार्श्वभूमी, काळजी नको. पी म्हणजे अग्रक्रम तारीख आणि अर्जाची तारीख यांच्या मधे प्रसिद्ध झालेला.

दावा 1 पुढे दोन वाय. पहिला कागद आम्हाला माहीत असलेली जुनी फ्लश कॅप. दुसरा पाहून खुर्चीतच मागे टेकलो: मोटारच्या इंजिनाचा व्हॉल्व्ह रोटेटर. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह प्रत्येक उघडझापीला थोडा थोडा फिरवतात, म्हणजे सीटवर काजळी धरत नाही. परीक्षकाचं म्हणणं: व्हॉल्व्ह फिरवून सीट पुसायची ही युक्ती इंजिनवाल्यांना केव्हाचीच माहीत आहे, ती कॅपला लावली यात विशेष काय? फक्त ठिबकमध्ये बघून भागणार नाही, असं मॅडम म्हणत होत्या ते हेच.

नावीन्य आणि शोधकतेची पायरी या दोन वेगळ्या परीक्षा आहेत, ते इथे नीट दिसतं. नावीन्यात एकाच कागदात सगळे घटक सापडावे लागतात. ते सापडलेले नाहीत, म्हणून आम्ही पहिली परीक्षा पास. दुसरीत मात्र दोन-तीन कागद जोडायची मुभा आहे, आणि प्रश्न असतो की त्या क्षेत्रातल्या जाणकार पण कल्पक नसलेल्या माणसाला हे सहज सुचलं असतं का.

दावा 7, पितळी कडी: एक्स आणि पी, दोन्ही. सप्टेंबर 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका परदेशी अर्जात अशीच कडी आहे. मार्च 2021 ची तारीख लागू असती तर हा कागद मोजला गेला नसता. कडी गेली.

दावा 3 पुढे फक्त ए. चापट बसणारी पाती कुणाकडेच नाही.

हे मत कुठल्याही देशाच्या कार्यालयाला बांधील नाही, पण परीक्षक ते वाचतात.

22 सप्टेंबर 2022

अर्ज प्रसिद्ध झाला. अग्रक्रम तारखेपासून 18 महिन्यांनी होतोच. गुपित संपलं, आता आमचा अर्ज दुसऱ्यांच्या विरुद्ध आधीचा कागद म्हणून मोजला जाईल. भारतात प्रसिद्धीनंतर मंजुरीपर्यंत कुणीही लेखी विरोध नोंदवू शकतो.

17 ऑक्टोबर 2022

हिशोब विभागाने एक बिल मंजुरीला पाठवलं. "आंतरराष्ट्रीय पेटंट नोंदणी शुल्क", वर मोठं बोधचिन्ह, आमच्या अर्जाचा खरा क्रमांक, शोधाचं खरं नाव. बनावट. प्रसिद्ध अर्जातून नाव-पत्ता उचलून अशी बिलं धाडणाऱ्यांपासून सावध राहा, असं विपो, म्हणजे जागतिक बौद्धिक संपदा संघटना, स्वतःच सांगते. नियम केला: पेटंटचं कुठलंही बिल मॅडमच्या ऑफिसकडून आलं नसेल तर भरायचं नाही.

8 ऑगस्ट 2023

देश निवडायचे. 30 महिने पुढच्या महिन्यात भरतात.

इथून खर्च खरा. प्रत्येक देशाचं शुल्क, तिथला एजंट, आणि जपानसारख्या ठिकाणी अख्ख्या अर्जाचं भाषांतर. आधीची यादी मोठी होती, जिथे जिथे ठिबक चालतं ते सगळे देश. मॅडमनी दोनच प्रश्न विचारले: माल कुठे विकणार, आणि नक्कल करणाऱ्याचा साचा कुठे चालेल? दोन्ही उत्तरं जिथे "बहुधा नाही" तो देश खोडला. तीन उरले. जिथे अर्ज नाही तिथे आमची कॅप कुणीही बनवू शकतो, अगदी आमचीच प्रसिद्ध आकृती समोर ठेवून. साहेबांना हे पचायला वेळ लागला.

आणखी एक मेख: बऱ्याच कार्यालयांत अर्ज टाकला म्हणजे तपासणी आपोआप होत नाही. तिची वेगळी विनंती, वेगळं शुल्क, वेगळी मुदत. ती चुकली तर अर्ज मागे घेतला असं धरतात. मुदती कॅलेंडरवर दोघांच्या नावाने लावल्या.

23 एप्रिल 2024

पहिला परीक्षण अहवाल. अपेक्षेप्रमाणे तेच दोन कागद: जुनी कॅप अधिक रोटेटर. शिवाय "थोडीशी तिरपी" या शब्दांवर स्पष्टतेचा आक्षेप, तो रास्त आहे. किती म्हणजे थोडी?

12 जुलै 2024

उत्तर पाठवलं.

रोटेटरचा कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. त्यात व्हॉल्व्ह फिरतो तो स्प्रिंगच्या जोराने, उतरत्या खाचांत बसवलेल्या गोळ्यांवरून. वाहत्या वायूचा फिरण्याशी संबंध नाही. म्हणजे ठिबकच्या माणसाने तो कागद उचलला असता, तर प्लंजरखाली गोळ्या-स्प्रिंगांचा वेगळा सांगाडा बसवला असता. युरोपात परीक्षक प्रश्न ज्या पद्धतीने मांडतात ती इथे कामी आली: जाणकार माणसाला हे करता *आलं असतं* का, हा प्रश्न नाही. समोरची अडचण सोडवताना त्याने ते *केलं असतं* का, हा आहे.

एवढ्यावर दावा 1 जसाच्या तसा टिकेल असं मॅडमना वाटत नव्हतं. म्हणून दावे 2 आणि 3 वर ओढून पहिल्यात घातले. नवा घटक: "(ड) पाती लवचीक डायफ्रॅमशी एकसंध असून बंद स्थितीत पाण्याच्या दाबाने आवरणाच्या भिंतीला चापट बसते." याचा फायदा काय, ते मूळ अर्जात शब्दशः लिहिलेलं आहे: पातीमागे गाळ धरायला खबदाड उरत नाही. फायद्याचं हे वाक्य आज नव्याने सुचलं असतं तर अर्जात घालता आलं नसतं. स्लो मोशनवाल्या सहकाऱ्याला जेवण लागू.

"थोडीशी तिरपी" च्या जागी 20 ते 40 अंश.

6 फेब्रुवारी 2025

एका कार्यालयाकडून मंजुरी. मधे परीक्षकाशी व्हिडिओवर सुनावणी झाली, वीस मिनिटांची, सभ्य. कापलेली कॅप कॅमेऱ्यापुढे धरली आणि पाती बोटाने दाबून दाखवली. कागदावरच्या तीन पानांपेक्षा त्याचा उपयोग जास्त झाला असावा. बाकीचे दोन अर्ज रांगेत.

मुदत अर्जाच्या तारखेपासून 20 वर्षं, मंजुरीपासून नाही. ट्रिप्स या बौद्धिक संपदेच्या आंतरराष्ट्रीय कराराने सगळीकडे किमान तेवढी ठेवली आहे. पूर्वी अमेरिकेत मंजुरीपासून 17 वर्षं असायची, आणि जॉर्ज सेल्डन या वकिलाने मोटारगाडीचा 1879 चा अर्ज दुरुस्त्या करत करत 1895 पर्यंत लांबवला, म्हणजे मुदत गाड्या रस्त्यावर येण्याच्या सुमारास सुरू व्हावी. आता ती सोय नाही. उलट तपासणीत गेलेली वर्षं आपल्याच मुदतीतून वजा.

नूतनीकरण शुल्क: भारतात आणि युरोपात तिसऱ्या वर्षापासून दरसाल, अमेरिकेत मंजुरीनंतर साडेतीन, साडेसात आणि साडेअकरा वर्षांनी. विरोधाची खिडकी अजून उघडी असते, युरोपात मंजुरीनंतर नऊ महिने, भारतात एक वर्ष.

विक्रीचा प्रश्न आलाच: "म्हणजे आता कुठेही बिनधास्त विकायची ना?" नाही. पेटंट दुसऱ्याला अडवण्याचा हक्क देतं, आपल्याला बनवण्याचा परवाना देत नाही. जेम्स वॉटकडे वाफेच्या इंजिनाचं पेटंट होतं, तरी 1780 मध्ये क्रँकचं पेटंट जेम्स पिकार्डच्या नावे झाल्यामुळे त्याला चाक फिरवायला क्रँकऐवजी सूर्य-ग्रह गिअर वापरावा लागला. आमच्या कॅपच्या आवरणावर, झाकणाच्या लॉकवर दुसऱ्या कुणाचा चालू हक्क आहे का, ही तपासणी वेगळी. ती सुरू केली आहे. लॉकचा एक नमुना बदलावा लागेल असं दिसतंय.

18 जून 2025

एका डीलरकडून स्पर्धकाची नवी कॅप आली. तिच्यातही प्लंजर फिरतो. विक्रीवाल्यांना आजच नोटीस हवी होती.

कॅप उभी कापली आणि दावा 1 ची प्रत शेजारी ठेवली. (अ) आवरण, तोंड, सीट: आहे. (ब) दाबाने टेकणारा प्लंजर: आहे. (क) पाण्याने फिरवणारी पाती: आहे. (ड) पाती कडक प्लास्टिकची आहे, प्लंजरवर खटक्याने बसवलेली. डायफ्रॅमशी एकसंध नाही, आणि दाबली तरी वाकत नाही.

काही देशांत शब्दशः बसत नसलं तरी "समतुल्य" म्हणून उल्लंघन धरतात. पण आमच्या जुलैच्या उत्तरात आम्हीच लिहून दिलं आहे की एकसंध आणि चापट बसणारी पाती हेच वेगळेपण. ते उत्तर फाइलीत आहे, फाइल कुणालाही वाचायला खुली आहे. सोडलेली जागा समतुल्यतेच्या नावाखाली परत मागता येणार नाही.

नोटीस पाठवायची नाही असं ठरलं. त्यांच्या कॅपमध्ये पातीमागे गाळ किती धरतो, ते टेस्ट बेंचवर लावून बघायचं.